अठ्ठाविसाव्या वर्षी उचललेली छिन्नी

नवी मुंबई, प्रतिनिधी

वाशी, नेरूळ, बेलापूरहून हार्बर लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून फोर्टातल्या कचेऱ्या गाठणाऱ्या नवी मुंबईकरांची संख्या आजही मोठी आहे. दादाभाई नवरोजी रस्ता, हुतात्मा चौक आणि तेथून महात्मा गांधी मार्गाने काळा घोडा, ही त्यांच्यापैकी कित्येकांची रोजची वाट. या वाटेवर दोन वास्तू लागतात. पहिली, १९३०च्या दशकात उभी राहिलेली न्यू इंडिया अॅश्युरन्स कंपनीची इमारत. तिच्या दर्शनी भागावरच्या उत्तुंग दगडी मानवाकृती मान वर करून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत आणि घाईच्या वेळी मान वर करतो कोण? दुसरी वास्तू रिगल सिनेमाच्या चौकाजवळची, गोलाकार दर्शनी भागाची. सर कावसजी जहांगीर सभागृह हे तिचे जुने नाव. आज तेथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे.

एकीपासून दुसरीपर्यंत चालत जायला थोडाच वेळ लागतो. पिलू पोचखानवाला या शिल्पकर्तीचे सारे कलाजीवन या दोन वास्तूंच्या मध्ये बसवता येते. पहिलीवर त्यांच्या गुरूंच्या हाताची खूण आहे. दुसरीचे कलादालन व्हावे म्हणून त्या झटल्या; ते झालेले पाहायला मात्र त्या राहिल्या नाहीत.

पिलूबाईंचा जन्म १ एप्रिल १९२३ रोजी मुंबईतला. माहेरचे आडनाव एडनवाला. पारशी आडनावांत व्यापाराचा आणि प्रवासाचा इतिहास दडलेला असतो, तसा याही आडनावात अरबी समुद्रापलीकडचे एडन बंदर आहे. घर सुस्थितीतले, वळण व्यापारउदिमाचे. १९४५ साली मुंबई विद्यापीठाची वाणिज्य शाखेची पदवी त्यांनी घेतली आणि कौटुंबिक व्यवसायात जाहिरातीचे काम पाहू लागल्या. त्या काळी मुलगी बी. कॉम. होणे हीच अपूर्वाईची गोष्ट. पदवीधर होऊन कचेरीत बसून व्यवहार पाहणे ही त्याहून मोठी. म्हणजे चित्र, शिल्प यांच्या वाटेला त्या गेल्या नसत्या तरी काळाच्या पुढे असलेली स्त्री म्हणून त्यांची गणना झालीच असती. हिशेब, ग्राहक, मांडणी, मुदती यांत त्यांची सहा वर्षे गेली. ती वाया गेली असे मात्र म्हणता येणार नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

१९५१ मध्ये व्यवसायाच्या कामानिमित्त त्या युरोपला गेल्या. काम आटोपल्यावर मोकळ्या वेळात संग्रहालये पाहणे हा प्रवाशांचा नेहमीचाच शिरस्ता. पण महायुद्धाच्या राखेतून उठणाऱ्या युरोपात त्या वेळी शिल्पकलेला विलक्षण बहर आला होता. लंडनमध्ये त्याच वर्षी भरलेल्या राष्ट्रीय महोत्सवात हेन्री मूर, बार्बरा हेपवर्थ, जेकब एपस्टाइन यांची शिल्पे मांडण्यात आली होती. मूरच्या शिल्पांतील पहुडलेल्या स्त्रिया आरपार पोकळ होत्या. दगडाइतकीच दगडातली पोकळीही बोलू शकते, हा विचार मुंबईहून गेलेल्या पाहुण्याला धक्का देणाराच होता. आपल्याकडे पुतळा म्हणजे भरीव वस्तू, ओळखता येणारा चेहरा आणि खाली कोरलेले नाव. गणपतराव म्हात्रे, बाळाजी तालीम, विनायकराव करमरकर यांनी हा पुतळा फार मोठ्या उंचीवर नेऊन ठेवला होता. परंतु ज्याला कोणाचाच चेहरा नाही असे शिल्प मुंबईच्या रस्त्यावर तोवर कोणी अपेक्षिलेही नव्हते.

पिलूबाई या प्रवासाहून परतल्या त्या शिल्पकार व्हायचे ठरवून. वय वर्षे अठ्ठावीस.

आजच्या वाचकाला हे वय थोडके वाटेल. संगणक अभियंता तिशीत नोकरी सोडून स्वयंपाकी होतो किंवा शेती करतो, याचे आता कोणाला नवल वाटत नाही. १९५१ ची गोष्ट वेगळी होती. सर ज. जी. कला शाळेत मुले सतरा-अठराव्या वर्षी दाखल होत आणि विशी-बाविशीत पदविका घेऊन बाहेर पडत. शिल्पकलेत तर शरीरालाच सवय लावावी लागते. हातोड्याचा घाव किती जोराचा, छिन्नी कोणत्या कोनात, ओली माती किती वेळ ओली राहते, हे हातांना कळायला वर्षे लागतात. ज्या वयात इतरांचे हात तयार झालेले असतात त्या वयात त्या मुळाक्षरे गिरवायला बसल्या.

येथे एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. पिलूबाईंची कहाणी ही उपाशीपोटी कलासाधना करणाऱ्याची कहाणी नव्हे. घरची सुबत्ता होती, शिल्प विकले गेले नाही म्हणून चूल विझणार नव्हती. दगड, लाकूड, धातू ही सामग्री महाग आणि ती ठेवायला जागा हवी, ती मुंबईत आणखी महाग. ही सोय नसती तर हा प्रवास झाला असता का, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर मानता येणार नाही. पण सुबत्ता असलेले सगळेच असे करत नाहीत, हेही तितकेच खरे. जमलेले काम, ठाऊक असलेले जग आणि त्यातला मान सोडून जेथे आपण सर्वांत कच्चे विद्यार्थी आहोत अशा खोलीत जाऊन उभे राहणे पैशाने सोपे होत नाही.

ती खोली होती शिल्पकार एन. जी. पाणसरे यांची. नारायण गणेश पाणसरे हे नाव आज कलाक्षेत्राबाहेर फारसे कोणाच्या ओठी नसते. पण आरंभी उल्लेखिलेली न्यू इंडिया अॅश्युरन्सची इमारत ज्याने पाहिली आहे त्याने पाणसरे पाहिले आहेत. मास्टर, साठे आणि भुता या वास्तुविशारदांच्या या इमारतीची शिल्पसजावट त्यांची. मानवी देहाचे सुलभीकरण करून त्याला वास्तूच्या रेषांमध्ये बांधण्याची हातोटी त्यांच्यापाशी होती. अशा गुरूकडे पिलूबाईंनी शिल्पकलेचे प्राथमिक पाठ घेतले.

या शिक्षणाचा क्रम रूढ असतो. आधी लोखंडी सळ्या आणि तारा यांचा सांगाडा, त्यावर मातीचे लेपन, मग देहाचे प्रमाण, स्नायू, तोल. मातीतले काम पुरे झाले की प्लास्टरचा साचा, साच्यातून प्रतिकृती, आणि पुढे ऐपत व मागणी असेल तर धातूत ओतकाम. दगडाचे आणि लाकडाचे तंत्र याच्या नेमके उलट. तेथे भर घालायची नसते, काढून टाकायचे असते आणि एकदा काढलेले परत लावता येत नाही. पिलूबाईंची सुरुवातीची शिल्पे मानवाकृतीला, विशेषतः स्त्रीदेहाला धरून आहेत. पाणसऱ्यांची शिस्त आणि मूरची पोकळी या दोन्हींचे संस्कार त्यांत दिसतात. त्यांना स्वयंशिक्षित म्हणण्याची पद्धत आहे. ती अर्धीच खरी मानावी. कला शाळेची पदविका नव्हती एवढाच तिचा अर्थ.

योगायोग असा की पाणसऱ्यांकडे शिकलेला आणखी एक पारशी तरुण याच काळात असाच व्यवसाय बदलून शिल्पकलेत आला होता. आदी दाविएरवाला हे त्याचे नाव. जन्म १९२२ चा, शिक्षण औषधनिर्माण रसायनशास्त्राचे. प्रयोगशाळेतल्या या माणसाने लाकूड आणि दगडापासून आरंभ केला आणि पुढे पोलाद, पारदर्शक प्लॅस्टिक इतकेच काय, लोहचुंबकापर्यंत मजल मारली. १९७५ मध्ये, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली असताना, ते गेले. एक रसायनाच्या बाटल्यांतून आलेला, दुसरी जाहिरातीच्या कचेरीतून आलेली, आणि दोघांच्याही पाठीशी एक मराठी गुरू. स्वातंत्र्योत्तर मुंबईतील आधुनिक शिल्पकलेचा विचार करताना ही दोन नावे वगळता येत नाहीत. उशिरा आलेल्यांना परंपरेचे ओझे कमी असते, असे यावरून कोणी म्हटले तर प्रस्तुत लेखकाचा त्याला विरोध नाही.

मुंबईतील त्या वेळची स्थितीही ध्यानात घ्यायला हवी. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपने कलाजगत ढवळून काढले होते. पण त्याच्या सहा संस्थापकांत शिल्पकार एकच, सदानंद बाकरे. तेही १९५१ मध्येच लंडनला निघून गेले आणि तेथे प्रामुख्याने चित्रकलेकडे वळले. उतारवयात कोकणातल्या मुरूड-हर्णैला येऊन राहिलेले बाकरे २००७ मध्ये निवर्तले. म्हणजे ज्या वर्षी मुंबईने आपला एक आधुनिक शिल्पकार गमावला त्याच वर्षी व्यापाराच्या कामाने युरोपला गेलेली एक स्त्री शिल्पकार व्हायचे ठरवून मुंबईत परतली. कोणी ठरवून असा हिशेब जुळवला नसता.

स्त्री म्हणून पिलूबाई एकट्या होत्या असे नव्हे, पण सोबत फार थोड्यांची होती. त्यांच्याच जन्मवर्षी, १९२३ मध्ये, कलकत्त्यात जन्मलेल्या मीरा मुखर्जी यांनी म्युनिकमध्ये शिक्षण घेऊन पुढे बस्तरच्या धातुकारागिरांकडे जाऊन मेण गाळून धातू ओतण्याची त्यांची रीत आत्मसात केली. मीराबाई गावाकडे वळल्या, पिलूबाई शहराकडे, किंबहुना कारखान्याकडे.

लाकूड आणि दगड यांपाठोपाठ पिलूबाईंनी धातू हाताळायला घेतला तेव्हा त्यांच्या कामाची जातच पालटली. ओतीव अॅल्युमिनियम, वेल्डिंगने जोडलेले पोलाद, यंत्रांचे टाकून दिलेले सुटे भाग हे त्यांचे साहित्य झाले. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एखाद्या बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारातून ज्याचे येणे-जाणे आहे त्याला भंगाराचे ढीग नवीन नाहीत. दात झिजलेली चक्रे, वाकलेल्या पट्ट्या, गंजलेले नळ. भंगारवाला त्याचे वजन करतो. पिलूबाईंनी त्यातले आकार वेचले. एक चक्र आणि एक पट्टी विशिष्ट कोनात जोडली की उडू पाहणारा पक्षी किंवा मान वळवलेली बाई भासू लागते. मात्र तो कोन सापडणे हेच सारे काम. मातीत चूक झाली तर अंगठ्याने पुसता येते. वेल्डिंगमध्ये सांधा तोडावा लागतो आणि तोडल्याची खूण राहते.

अॅल्युमिनियमची गोष्ट निराळी. हा धातू सुमारे ६६० अंश सेल्सियसला वितळतो. लोखंडाला दीड हजार अंशांच्या वर तापवावे लागते. वजन लोखंडाच्या जवळपास तृतीयांश. त्यामुळे ओतकाम तुलनेने आटोक्यातले राहते आणि एरवी आधाराशिवाय उभाच राहिला नसता असा पसरट, हवेत झेपावणारा आकार त्यात उभा करता येतो. कांस्याची प्रतिष्ठा त्याला नाही. घरातल्या पातेल्यांचा, विमानाच्या पंखांचा तो धातू. पुढच्या काळातील पिलूबाईंच्या शिल्पांत मानवाकृती हळूहळू विरघळत गेली आणि निसर्गातले आकार, वाढ, स्फोट, पंख, लाटा यांचे भास उरले. त्यांच्याकडे पाहताना हे काय आहे, असा प्रश्न सामान्य प्रेक्षकाला पडे. तो पडणे स्वाभाविक होते आणि त्यात प्रेक्षकाचा अपराध नाही. अशा शिल्पाला चोहोबाजूंनी फिरून पाहावे लागते, आणि दोन पावले पुढे सरकले की आधीचे शिल्प नाहीसे होऊन दुसरेच समोर येते. छापील छायाचित्रावरून पिलूबाईंचे मोल करणाऱ्यांची हटकून फसगत होते.

पुढे त्यांना मान मिळाला, ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, देशाबाहेरील प्रदर्शनांतून त्यांची शिल्पे गेली. याची जंत्री देण्याचे प्रयोजन नाही. मुंबईकरांशी त्यांचा खरा संबंध आला तो हाजी अलीच्या चौकात. तेथे त्यांचे 'स्पार्क', म्हणजे ठिणगी, हे धातूचे भव्य शिल्प उभे होते. तिकीट न काढता, गॅलरीच्या काचेच्या दाराचा धाक न बाळगता, बसच्या खिडकीतून रोज लाखो लोकांना दिसणारे आधुनिक शिल्प ही त्या काळातील मुंबईत दुर्मीळ वस्तू होती. पुढे ते तेथून काढण्यात आले. राजे-महाराजांचे पुतळे हलवताना या शहरात सभा, मोर्चे, अग्रलेख होतात. १९६५ मध्ये काळा घोडा चौकातून सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला, तरी चौकाचे नाव त्याच घोड्याचे राहिले आणि २०१७ मध्ये तेथे पुन्हा एक स्वाररहित घोडा येऊन उभाही राहिला. ठिणगीच्या वाट्याला असले काही आले नाही. चेहरा नसलेल्या शिल्पाला अनुयायी नसतात.

नवी मुंबईसारख्या आखून वसवलेल्या शहरात आज रस्त्यांच्या कडेला आणि चौकांत धातूची शिल्पे दिसतात, टाकाऊ लोखंडातून केलेलीही दिसतात. त्यांतली काही चांगली आहेत, काही रंगाच्या थरांखाली गुदमरली आहेत. ती बसवताना त्यांचा कर्ता कोण हे फलकावर लिहिण्याची तसदी बहुधा घेतली जात नाही. असो.

पिलूबाईंच्या आयुष्याचा दुसरा भाग सुरू होतो तो येथून, आणि येथेच जाहिरातीच्या कचेरीतली ती सहा वर्षे उपयोगी पडलेली दिसतात. कलावंत बहुधा पत्रव्यवहाराला, बैठकांना, अर्जांना कंटाळतो. पिलूबाईंना हे जग परके नव्हते. माणसे जमवणे, खर्चाचा मेळ बसवणे, दिलेली तारीख पाळणे, हे त्या शिकूनच आल्या होत्या. १९६०च्या दशकात मुंबईत भरलेल्या कला महोत्सवांच्या आयोजनात त्यांचा पुढाकार होता. स्वतःच्या शिल्पाचा वेळ खर्चून इतरांच्या कलेसाठी मांडव घालणारी माणसे कलाजगतात थोडी. त्यांत त्या होत्या.

सर्वांत चिवट लढा मात्र सर कावसजी जहांगीर सभागृहाचा. ही वास्तू १९११ मधली, आराखडा जॉर्ज विटेट यांचा. गेटवे ऑफ इंडिया आणि शेजारचे वस्तुसंग्रहालय उभारणारे हेच विटेट. अनेक वर्षे हे सभागृह मुंबईच्या सार्वजनिक जीवनाचे केंद्र होते. राजकीय सभा येथे झाल्या, संगीताच्या मैफली झाल्या. पुढे शहरात नवी नाट्यगृहे, वातानुकूलित सभागृहे झाली आणि विटेटचे सभागृह मागे पडले. मुष्टियुद्धाचे सामने, कामगार संघटनांच्या सभा, चामड्याच्या वस्तूंचे विक्री-प्रदर्शन, लग्नसमारंभ, अशी मिळेल ती भाडी त्याला घ्यावी लागली. समोरच्या बाजूला १९५२ पासून जहांगीर आर्ट गॅलरी होती खरी. पण ती प्रदर्शनांसाठी भाड्याने मिळणारी दालने. आठवड्याला चित्रे बदलत. एखाद्या मुलाला आधुनिक भारतीय कला पाहायची असेल तर कायमस्वरूपी संग्रह कोठे, याचे उत्तर दिल्ली असे होते. ज्या मुंबईत प्रोग्रेसिव्ह गट जन्मला त्या मुंबईत त्याची चित्रे नित्य पाहायला मिळतील असे सरकारी दालन नव्हते.

पिलू पोचखानवाला आणि गॅलरी केमोल्डचे केकू गांधी यांनी ही मागणी लावून धरली. सभागृहाचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबई शाखेत रूपांतर व्हावे, यासाठी कलावंत आणि रसिक यांची एकजूट त्यांनी बांधली. दिल्लीच्या मंत्रालयापासून स्थानिक यंत्रणांपर्यंत दारे ठोठावणे हे काम कसे असते, हे सरकारदरबारी एखादा साधा दाखला काढायला गेलेल्या प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे. छिन्नीच्या कामात निदान घाव घातल्यावर टवका उडालेला दिसतो.

मागणी मान्य झाली, नूतनीकरण सुरू झाले आणि ते तब्बल बारा वर्षे चालले. खर्च साडेतीन कोटी रुपयांच्या घरात गेला. दिल्लीचे वास्तुविशारद रोमी खोसला यांनी विटेटचे बाह्यरूप जसेच्या तसे ठेवून आत अर्धवर्तुळाकार दालनांचे मजले एकावर एक गुंफले. एका मोठ्या सभागृहाच्या पोटात जिन्यांनी जोडलेली पाच पातळ्यांची प्रदर्शन-जागा तयार झाली. चढत जाताना एखाद्या पोकळ शिल्पाच्या आतून फिरल्यासारखे वाटते, हे आमचे निरीक्षण. वास्तुविशारदाच्या मनात ते होते असा दावा नाही.

हे काम अर्ध्यावरही आले नव्हते तेव्हा, ७ जून १९८६ रोजी, पिलूबाईंचे निधन झाले. वय त्रेसष्ट. छिन्नी उचलल्यापासून पस्तीस वर्षे. त्यांच्या आणि दाविएरवालांच्या पिढीची शिल्पे आज संग्रहालयांत, संस्थांच्या आवारांत आणि खासगी संग्रहांत विखुरलेली आहेत. मराठी वाचकाला म्हात्रे, करमरकर ठाऊक असतात आणि असायलाच हवेत. पोचखानवाला हे नाव मात्र आपल्या शालेय पुस्तकांत सहसा आढळत नाही. पारशी, इंग्रजी वळणाच्या, दक्षिण मुंबईच्या, म्हणून त्या आपल्या नव्हेत असे आपणच ठरवून टाकले की काय, कोण जाणे. गुरू पाणसरे तर आपले होते. त्यांनाही आपण कोठे लक्षात ठेवले?

डिसेंबर १९९६ मध्ये संग्रहालयाचे दार उघडले. सोमवार सोडून ते खुले असते. हुतात्मा चौकाकडून जाणाऱ्याने वाटेत न्यू इंडियाच्या इमारतीपाशी क्षणभर थांबावे, मान वर करावी आणि मग पुढे चालू लागावे.